नारळ आणि फिर्याद

मामांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. भेटायला राळेगणसिद्धीला गेले, तर स्वारी काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेली. दर चार तासांनी थेंब घालायचे म्हणून मामींनी गजराचं घड्याळ शेजारी ठेवलेलं, आणि त्या घड्याळावर मामांचा राग. पेपर वाचता येत नाही, देवळात वाकून नमस्कार करायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. बंडीच्या खिशात घडी घातलेला गुलाबी कागद होता. दोनदा तो बाहेर काढला, चष्म्याजवळ नेला आणि परत ठेवला. "वाचून दाखवू का?" म्हटलं, तर म्हणाले, "असू दे. आधी एक इचारायचंय. वकील म्हणून सांग, भाची म्हणून नको."

मी पारनेरच्या कोर्टात वकिली करते. इतक्या वर्षांत मामांनी वकील म्हणून मला एकच प्रश्न विचारला होता, बांधाचा.

"सहा वर्सं झाली," ते म्हणाले, "पाव्हण्यांच्या गावात मला बोलावलं व्हतं. गावाचं नाव न्हाई सांगत. तिथं एक महाराज व्हते. गळा गोड, पाठांतर दांडगं. पोरांना मृदंग, टाळ, हरिपाठ शिकवायला वसतिगृह काढलेलं. धा-बारा पोरं, चार पोरी. त्यातली एक घरी आली ती परत जायलाच तयार न्हाई. अकरावीत व्हती. आईला काय सांगितलं ते तुला समजलंच."

"मग?"

"मग देवळात बैठक. मला बोलावलं, कारण मी राळेगणचा. आपल्या गावच्या माणसाच्या शब्दाला तिकडं वजन हाय. महाराजाला समोर उभं केलं. आधी न्हाई म्हणाला, मग पाया पडला. आम्ही नारळ दिला. रातोरात टेम्पो भरून गेला. कोर्ट न्हाई, पोलीस न्हाई, पोरीचं नाव कुठं आलं न्हाई. सगळं झाकलं."

हे सांगताना आवाजात थोडा अभिमान होता. तो का होता ते मला कळत होतं. 1975 साली अण्णा हजारे सैन्यातून परत आले आणि फंडाच्या पैशातून यादवबाबांचं पडकं देऊळ उभं केलं, तेव्हा मामा पंचविशीतले. त्याआधी देवळाची लाकडं दारूच्या भट्ट्यांत जळत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पुढे त्याच देवळात बसून गावानं दारू बंद केली, कुऱ्हाड बंद केली, चराई बंद केली. कुणी पिऊन आला तर खांबाला बांधून पट्ट्यानं फोडला. हे जगानं वाचलंय, मामांनी दोरी धरलीय. गावाचं गावानं निस्तरायचं, हे त्यांच्यासाठी पुस्तकातलं तत्त्व नव्हे, हाताला आठवणारी गोष्ट आहे.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"ती पोरगी बावीसची झाली. नर्सिंग करती. मागल्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणती, आबा, मला फिर्याद द्यायचीय. तुम्ही बैठकीत व्हता, तुम्ही सांगाल का? सहा वर्सांनी! आता काय उरलंय त्यात? मुदतसुद्धा गेली असंल."

"मुदत नाही गेली."

"कशी?"

"तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर दखल घ्यायला मुदतच नसते. ती अकरावीत म्हणजे अठराच्या आत. 2012 चा पॉक्सो कायदा लागतो, आणि वय बघायचं ते घटनेच्या दिवशीचं. आज बावीसची झाली म्हणून तिचा हक्क जात नाही. त्यातही महाराज वसतिगृह चालवत होता. धार्मिक किंवा शिक्षणसंस्थेच्या चालकानं, नोकरानं केलं तर पॉक्सोत ते वाढीव गुन्ह्यात जातं, शिक्षाही वाढते. 2019 च्या ऑगस्टनंतरची घटना असेल आणि बलात्कारच असेल, तर कमीत कमी वीस वर्षं."

मामा गप्प झाले. मग वकिलाला अडवायचं म्हणून म्हणाले, "पर इतकी वर्सं का गप बसली? कोर्ट हेच इचारंल."

"विचारेल. पण 1996 सालीच सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की अशा प्रकरणात घरची अब्रू, लोकलाज यांमुळे उशीर होतो, आणि नुसत्या उशिरानं फिर्याद खोटी ठरत नाही. पीडितेची साक्ष विश्वास ठेवण्यासारखी असेल तर ती एकटीसुद्धा पुरते. पंजाब सरकार विरुद्ध गुरमित सिंग." डेऱ्याचा गुरमित राम रहीम तो हा नव्हे, नावाची गल्लत कोर्टात नवशिके वकीलसुद्धा करतात. "आसाराम बापूंच्या गुजरातच्या खटल्यात 2001 ते 2006 दरम्यानचं प्रकरण, फिर्याद 2013 ला, आणि जन्मठेप 2023 च्या जानेवारीत."

"म्हंजे फिर्यादीनंतर बी धा वर्सं. हेच मी म्हणतोय!" मामांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या बैठकीला एक रात्र लागली. तुमच्या कोर्टाला धा वर्सं. तवर त्या पोरीनं काय करायचं? तारखा घ्यायच्या? लगीन ठरवायचं का न्हाई?"

याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. पॉक्सोत लिहिलंय की दखल घेतल्यापासून शक्यतो वर्षात खटला संपवावा. 'शक्यतो' या शब्दावर आमचं निम्मं पोट चालतं. मी मामांना तसंच सांगितलं.

"आन् साक्षीदार?" त्यांचा जोर वाढला. "आसारामाच्या खटल्यात साक्षीदार मारले, पेपरात व्हतं. राम रहीमला दोषी धरला त्या दिवशी पंचकुल्यात माणसं मेली. आन् आता तो दर वर्साला पॅरोलवर बाहेर. शिक्षा म्हंजे काय मग?"

"खरंय. आसाराम प्रकरणात तीन साक्षीदारांचे खून झाले. आसारामला 2025 मध्ये आजारपणाच्या कारणानं तात्पुरता जामीनही मिळाला. पण त्याच प्रकरणातला आणखी एक साक्षीदार, हल्ल्यातून वाचलेला, सुप्रीम कोर्टात गेला. त्याच्या अर्जावरून 2018 साली देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू झाली. धमकी आली तर जिल्ह्याच्या पातळीवर अर्ज करता येतो. घराला पहारा, नंबर बदलणं, साक्ष पडद्याआडून. सगळीकडे नीट चालते असं म्हणणार नाही. पण अर्ज केला नाही तर मुळीच चालत नाही."

मामींनी चहा आणला आणि दारातच उभ्या राहिल्या. बैठकीचं त्यांना माहीत असावं. त्या काही बोलल्या नाहीत.

आसारामचंच जोधपूरचं प्रकरण मी जरा सविस्तर सांगितलं, कारण त्यात मामांना ओळखू येण्यासारखं काहीतरी होतं. मुलगी आश्रमाच्याच गुरुकुलात, छिंदवाड्याला शिकत होती. आईबाप पक्के भक्त. मुलीला भूतबाधा झालीय, बापूच उतरवतील, असं सांगून आईबापांनाच तिला घेऊन जोधपूरजवळच्या आश्रमात बोलावलं. 2013 चा ऑगस्ट. आईबाप बाहेर बसलेले होते. फिर्याद पहिल्यांदा दिली ती दिल्लीत, कमला मार्केट पोलीस ठाण्यात, आणि तिथून ती जोधपूरला वर्ग झाली. 2018 च्या एप्रिलमध्ये तुरुंगातच कोर्ट भरवून निकाल वाचला, कारण बाहेर पंचकुल्यासारखं होईल ही भीती.

"दिल्लीत कशी घेतली? घटना तर जोधपूरची."

"झिरो एफआयआर. हद्द कुठलीही असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर ते स्पष्टच लिहिलंय. ही मुलगी जिथं नर्सिंग करते तिथं देऊ शकते. त्या महाराजाच्या ओळखीचा हवालदार जिथं बसलाय तिथं जायची सक्ती नाही. जबाब महिला अधिकारी घेईल. एफआयआरची प्रत फुकट. लिहून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं, तरी नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. आणि बलात्काराची फिर्याद न घेणारा पोलीस स्वतः गुन्हेगार ठरतो."

"नाव?"

"नाव, आईबापाचं नाव, गाव, कॉलेज, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. मोबाइलवर पुढे पाठवलं तरी गुन्हा. साक्ष बंद दाराआड."

"गावाला कळतंच."

"गावाला सहा वर्षांपूर्वीच कळलंय, मामा. बैठकीला किती माणसं होती?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि वीसच्या पुढे सोडून दिलं.

मग त्यांनी वेगळा रस्ता धरला. मला वाटतं, खरा रस्ता हाच होता. "तायडे, तुला सांगतो. माझं दुखणं निराळं हाय. एका हलकटापायी माळेला बोट लागतंय. हे बघ, कुणी बी उठतो आन् म्हणतो वारकरी असले, महाराज तसले. जादूटोण्याचा कायदा आला तव्हा आम्ही मोर्चाला गेलो व्हतो. भीती हीच व्हती, उद्या कीर्तन केलं तरी आत टाकतील."

"टाकलं का?"

"न्हाई."

"कारण त्या कायद्यात लिहिलंय की कीर्तन, प्रवचन, भजन, हरिपाठ, वारी, प्रदक्षिणा यांना तो लागू नाही. तुमच्या मोर्चानं ते लिहून घेतलं म्हणा. पण त्याच कायद्यात दुसरंही आहे. अंगात शक्ती आहे, मी अवतार आहे, गेल्या जन्मी तू माझी बायको होतीस असं सांगून शरीरसंबंध ठेवणं. मूल होईल म्हणून भुलवून ठेवणं. सहा महिने ते सात वर्षं, गुन्हा अजामीनपात्र. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉक्टर दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 चा. त्याच आठवड्यात दिल्लीत ती आसारामची फिर्याद पडली आणि त्याच आठवड्यात महाराष्ट्रात हा वटहुकूम निघाला. त्या पोरीला त्यानं काय सांगितलं होतं, कृपा, दीक्षा, असलं काही?"

"गुरुकृपा म्हणाला व्हता म्हणं."

"मग ते कलमही बघता येईल."

"आन् खोटी असली फिर्याद तर? केरळात बिशप सुटला की."

"सुटला. फ्रँको मुलक्कल, 2022 च्या जानेवारीत कोट्टायमच्या कोर्टानं निर्दोष सोडला. ज्या ननने तक्रार केली तिच्यासाठी इतर नन कोचीत रस्त्यावर बसल्या होत्या, तरीही. निकाल आरोपीच्या बाजूनंही जातो. म्हणूनच कोर्ट, मामा. तुमच्या बैठकीत तो खोटं बोलतोय का खरं, ते कशावरून ठरलं? तो पाया पडला यावरून. तो निर्दोष असता आणि मारापायी पाया पडला असता, तर?"

मामांना हा मुद्दा आवडला नाही, पण नाकारताही येईना. खांबाला बांधलेले सगळेच पिऊन आलेले होते का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला असेल का, कोण जाणे. मी विचारला नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला सगळंच विचारू नये.

"सगळे धर्म घ्या," मी म्हटलं. "मुंबईत शिवाजीनगरच्या चर्चमधल्या पाद्रीला तेरा वर्षांच्या मुलावरच्या अत्याचारासाठी 2021 च्या डिसेंबरात जन्मठेप झाली. पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. वसतिगृहातल्या त्या दहा-बारा मुलग्यांना कुणी विचारलं होतं?"

"पोरांना काय इचारायचं," म्हणाले, आणि वाक्य तिथंच अडलं.

"आळंदीत वारकरी शिक्षण देणाऱ्या खासगी संस्थांमध्ये मुलांवरच्या अत्याचाराचे गुन्हे नोंदले गेले, 2025 च्या सुरुवातीला महिला आयोगानं लक्ष घातलं, तपासण्या लागल्या. ते वाचून माऊलींची समाधी बाटली असं तुम्हाला वाटलं का?"

"न्हाई. त्या लोकांचा राग आला."

"मग झालं."

पुढचं मला सांगायचं नव्हतं, पण वकील म्हणून सांग असं त्यांनीच म्हटलं होतं. अमेरिकेत बॉस्टनला कॅथलिक चर्चचं एक प्रकरण 2002 साली पेपरनं बाहेर काढलं. एका पाद्रीवर एकशेतीसहून जास्त जणांचे आरोप. इतके कसे झाले? तक्रार आली की वरिष्ठ त्याला समज द्यायचे आणि दुसऱ्या पॅरिशला बदली करायचे. तिथं नवी पोरं. पुन्हा तक्रार, पुन्हा बदली. वर्षानुवर्षं. शेवटी तिथल्या कार्डिनलला राजीनामा द्यावा लागला. त्या देशात पुढे पीडितांनी थेट चर्चवर भरपाईचे दावे लावले आणि कित्येक धर्मप्रांतांनी दिवाळं काढलं. आपल्याकडे भरपाई बहुतेक सरकारकडून येते. महाराष्ट्रात 'मनोधैर्य' योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, आणि बाईला वकीलही तिथंच फुकट मिळतो, तिची मिळकत कितीही असो. महाराजाची संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्तपदावरून हटवा म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं. पण संस्थेच्या खिशाला हात घालायची सवय आपल्याकडच्या कोर्टांना अजून नाही.

हे सगळं मी भराभर सांगून टाकलं, कारण मामा भरपाईचं ऐकत नव्हते. ते बदलीच्या वाक्यावर थांबले होते.

"आम्ही बदली केली का?"

"तुम्ही नारळ दिला."

"हाकलला. बदली कशी म्हणतीस?"

"हाकलला तो कुठं गेला?"

मामांनी घड्याळाकडे बघितलं. काळ्या चष्म्यातून काटे दिसत नसणार.

"अजून एक," मी म्हटलं. "पॉक्सोत मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना सांगायलाच हवं. कलम 19. नाही सांगितलं तर सहा महिने. डॉक्टर असो, मास्तर असो, पंच असो. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला वसतिगृहातल्या आदिवासी मुलींचं प्रकरण झालं होतं. त्यात डॉक्टरानं माहीत असून कळवलं नाही असा आरोप होता. हायकोर्टानं गुन्हा रद्द केला, पण 2022 साली सुप्रीम कोर्टानं तो परत उभा केला. न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे म्हणाले."

"म्हंजे मी गुन्हेगार."

"तुम्ही आणि बैठकीला बसलेले सगळेच. फक्त सहा महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला एक वर्षाची मुदत असते. त्यामुळे तुमच्यावरचा गुन्हा बहुतेक मुदतीबाहेर गेला. त्याच्यावरचा नाही."

हे ऐकून ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. मामी मात्र दारातून म्हणाल्या, "बघा, सुटला तुम्ही." त्या चहाच्या कपबशा घेऊन आत गेल्या, आणि त्या तीन शब्दांत सहा वर्षं साठलेली होती असं मला उगाच वाटलं नाही.

"तडजोड केली व्हती की, लिवून," मामा हळूच म्हणाले. "पोरीच्या बापाची सही हाय. तक्रार न्हाई म्हणून."

"त्या कागदाला किंमत नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड चालत नाही हे सुप्रीम कोर्टानं 2015 ला सांगितलं, आणि 2024 च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या एका शिक्षकाच्या पॉक्सो प्रकरणातही तेच म्हटलं. त्यातही बापानं तक्रार नाही असं लिहून दिलं होतं, हायकोर्टानं गुन्हा रद्द केला होता, आणि तो सुप्रीम कोर्टानं परत उभा केला. उलट तो कागद तुमच्याकडे असेल तर जपून ठेवा. बैठक झाली, तारीख काय, कोण कोण होतं, याचा तो पुरावा आहे."

"कागद माझ्याकडंच हाय. ट्रंकेत."

"तिनं तुम्हाला फोन का केला, कळलं का आता?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. रस्त्यानं कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रॅक्टर गेला. मग मामांनी बंडीतला गुलाबी कागद काढून माझ्या हातात दिला.

"वाच आता."

अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका होती. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, तिसऱ्या तालुक्यातलं. वर पांडुरंगाचं चित्र. काकडा पहाटे 4 ते 6, पारायण, हरिपाठ, रात्री 9 ते 11 कीर्तन, रोजच्या अन्नदात्यांची नावं. मी सगळं मोठ्यानं वाचत गेले. काल्याच्या कीर्तनापाशी ह.भ.प. पुढचं नाव वाचलं, तेव्हा मामांनी नुसती मान हलवली. खाली चौकटीत लहान अक्षरांत होतं: मुला-मुलींसाठी निवासी संतवाङ्मय शिक्षण, राहण्या-जेवण्याची सोय, प्रवेश सुरू.

ती चौकट मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा त्यांनीच वाचायला लावली.

"मला दिसत नव्हतं ते बरं व्हतं," ते म्हणाले. "पत्रिका चार दिवसांपूर्वी आली. नावाचा अंदाज आला व्हता. चौकट न्हाई दिसली."

"त्या मुलीला काय सांगू?"

"मीच सांगतो. फोन लाव." मग थांबले. "जबाबात माझं नाव येईल?"

"येईल."

"राळेगणचा म्हणून लिवतील?"

"वय, धंदा शेती, राहणार राळेगणसिद्धी, तालुका पारनेर. तसंच लिहितात."

घड्याळाचा गजर वाजला. मामी थेंबांची बाटली घेऊन बाहेर आल्या. मामांनी चष्मा काढला, मान मागे टाकली आणि डोळा वर करून विचारलं, "काल्याला किती दिस राहिले?"

पत्रिकेवरची तारीख मी बोटांवर मोजली. नऊ.